पेपर टाकू का? एअरफोर्समध्ये राहायचं की एअरलाइनला जायचं, हे ठरवताना

दरवर्षी गणपतीत सुट्टीवर आलेलं कोणतरी आमच्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या घरी येतंच. चहा होतो, घरच्यांची चौकशी होते, मग जरा शांतता झाली की आवाज खाली घेऊन विचारतात, "सर, पेपर टाकू का?" म्हणजे एअरफोर्स सोडायचा अर्ज करू का. कधी फायटरवाला स्क्वाड्रन लीडर असतो, कधी ट्रान्सपोर्टची पोरगी, एकदा तर वडीलच आले होते, मुलाला न सांगता. प्रत्येकाला तेच तेच सांगतो आणि तरी काहीतरी राहतंच, म्हणून आता नीट बसून लिहितोय. मी स्वतः एअरफोर्सचं एएन-३२ हे ट्रान्सपोर्ट विमान उडवलं, पेन्शनची वर्षं भरली, मग बाहेर पडलो आणि आता एअरलाइनच्या ए-३२० विमानावर कॅप्टन आहे, म्हणजे दोन्हीकडचं मीठ खाल्लंय.

पहिली गोष्ट, पगाराच्या आकड्यापासून सुरुवात करू नको. सगळे तिथूनच करतात. कोर्समेटचा फोन येतो, तो म्हणतो भावा महिन्याला एवढे पडतात, आणि त्या रात्री झोप लागत नाही. पण खरा प्रश्न पैशाचा नाही, वर्षांचा आहे. तुझ्यासाठी दोन घड्याळं चालू आहेत आणि दोन्ही उलट्या दिशेनं फिरतात. एअरफोर्सचं घड्याळ सांगतं अजून थांब, वीस वर्षं भरली की आयुष्यभराची पेन्शन. एअरलाइनचं घड्याळ सांगतं लवकर ये, कारण तिथं सिनिऑरिटी जॉइनिंगच्या तारखेपासून चालू होते, तू स्क्वाड्रनचा फ्लाइट कमांडर होतास याला त्या लिस्टमध्ये किंमत नाही, तुझ्याआधी सहा महिने आलेला सव्वीस वर्षांचा पोरगा तुझ्या वरच राहणार. बेस म्हणजे नेमणुकीचं शहर, सुट्टी, अपग्रेड म्हणजे कॅप्टन होणं, सगळं त्या लिस्टवर. ही दोन घड्याळं कुठं जुळतात ते शोधणं एवढंच काम आहे.

तर आधी कागद काढ आणि तुझं कमिशन कुठलं ते बघ. शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठरावीक वर्षांपुरती नेमणूक असेल तर फ्लाइंग ब्रँचला चौदा वर्षं, नंतर पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी आणि फंड घेऊन बाहेर यायचं. म्हणजे तुझ्यापुढं "राहू की जाऊ" हा प्रश्नच तसा नाहीय, पर्मनंट कमिशन, म्हणजे कायमची नेमणूक मिळाली नाही तर जायचंच आहे, फक्त तयारीनं जायचं की घाईघाईनं हे ठरव. अकराव्या वर्षापासून अभ्यासाला लाग. चौदाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्यांचे हाल मी बघितलेत, घरी बसून परीक्षा देतात, इकडं सेव्हिंग संपत जाते आणि शेजारी विचारतात सुट्टी अजून संपली नाही का.

पर्मनंट कमिशनवाल्यांचा हिशेब वेगळा. वीस वर्षं क्वालिफाइंग सर्व्हिस झाली की पेन्शन, आणि ती शेवटच्या पगाराच्या निम्मी. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात विंग कमांडरचं मूळ वेतन १,२१,२०० पासून सुरू होतं, त्यात मिलिटरी सर्व्हिस पे १५,५०० मिळव, झाले १,३६,७००, त्याच्या निम्मे ६८,३५०, वर महागाई भत्ता. ही अगदी सुरुवातीची पायरी धरली, वीस वर्षांला इन्क्रिमेंट लागून आकडा याच्या वरच असतो. हे पैसे तू मरेपर्यंत येणार, नंतर बायकोला फॅमिली पेन्शन, आणि दर वेतन आयोगाला वाढणार. सैन्यदलं एनपीएस या नव्या पेन्शन योजनेत नाहीत, अजून जुनीच पेन्शन आहे, बाहेर आज नोकरीला लागणाऱ्या किती जणांना हे मिळतं ते सांग मला.

म्हणून माझं मत सरळ आहे. पंधरा वर्षं झाली असतील तर वीस कर. सतरा-अठराव्या वर्षी निघणाऱ्याला तर मी हात धरून खाली बसवतो. पोरं म्हणतात, सर तोपर्यंत वय निघून जाईल. कुठं निघून जातंय? एनडीए करून बाविसाव्या वर्षी कमिशन मिळालं तर वीस वर्षं बेचाळिसाव्या वर्षी पूर्ण होतात. एअरलाइन पायलट पासष्टपर्यंत उडवू शकतो, साठीनंतर फक्त शेजारचा पायलट साठीच्या आतला पाहिजे. म्हणजे तुझ्या हातात बावीस-तेवीस वर्षं आहेत, एअरफोर्समध्ये काढली त्याहून जास्त. आठ-दहा वर्षं झालेल्यांचा प्रश्न मात्र खरंच अवघड आहे, त्यांना मी ठाम काही सांगत नाही, तिथं पुढची दहा वर्षं युनिफॉर्ममध्ये जगायची इच्छा आहे का हेच बघावं लागतं. शिवाय मागितलं आणि सोडलं असं होत नाही, सरकारनं तुझ्या ट्रेनिंगवर कोट्यवधी खर्च केलेत.

एक बारीक गोष्ट, जी बरेच जण वाचतच नाहीत. नोव्हेंबर २०१५ ला वन रँक वन पेन्शनचा (ओआरओपी, म्हणजे एकाच रँकला आणि तेवढ्याच सर्व्हिसला सारखी पेन्शन) जो आदेश निघाला त्यात तिथून पुढं स्वतःच्या मर्जीनं मुदतीआधी जाणाऱ्यांना बाहेर ठेवलं होतं. त्यावर पुढं ट्रिब्युनलमध्ये, कोर्टात दावे झाले. म्हणजे वीस वर्षांनंतर गेलास तरी पेन्शन मिळते पण ओआरओपीचा फायदा मिळेलच हे गृहीत धरू नको. पेपर टाकायच्या आठवड्यात ताजी परिस्थिती विचार, आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातली माणसं या बाबतीत मदत करतात, आणि कोणाचा व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड बघून हिशेब मांडू नको.

आता घरचा हिशेब. हा एकट्यानं करायचा नाही. आम्ही केला तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पोराची शंभर पानी वही घेऊन, बायको एका बाजूला मी एका बाजूला. मी डावीकडं एअरलाइनचा पगार लिहिला आणि मोठ्या उत्साहात खाली रेघ मारली. तिनं पेन घेतला आणि उजवीकडं लिहायला लागली. घरभाडं. सोसायटी मेंटेनन्स. शाळेची फी, तीही डोनेशनसकट. गाडी दोन लागणार. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, जे आजवर मिलिटरी हॉस्पिटलमध्ये झालं असतं. इन्शुरन्स. लायसन्स जाण्याचा इन्शुरन्स, हा शब्द तिला कुठून माहीत होता मला अजून कळलं नाही, पण बरोबर होता, कारण मेडिकल गेलं की एअरलाइनचा पगार थांबतो आणि एअरफोर्समध्ये मात्र ग्राउंड जॉबवर पगार चालू राहतो. पान भरलं. तरी एअरलाइनचा आकडा मोठाच राहिला, खोटं कशाला बोलू, पण जो पाचपट वाटत होता तो तेवढा उरला नाही. आणि सगळ्यात खाली तिनं लिहिलं, "पोराची आठवी ते बारावी एकाच शाळेत." त्याला आकडा नव्हता. त्याच्या आधी त्याच्या सहा शाळा झाल्या होत्या. आमचा निर्णय खरं सांगायचं तर त्या ओळीवर झाला.

तू पण असं पान लिही. पेन्शन मिळणार असेल तर ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची वैद्यकीय योजना, आणि कॅन्टीन राहतं हे धर, शॉर्ट सर्व्हिसवाल्यांनाही २०१९ पासून ईसीएचएसचं दार उघडलंय, पैसे भरून. आणि त्या पानावर बायकोचं करिअर पण लिही, नाहीतर नवऱ्याचं. बदल्यांमुळं त्यांनी जे सोडलं ते कोणत्याच तक्त्यात येत नाही.

लायसन्सचं काम सगळ्यात किचकट आणि सगळ्यात दुर्लक्षित. नियम एकच, लायसन्स हातात असल्याशिवाय पेपर टाकायचे नाहीत. दोन हजार तास उडवलेत म्हणून डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीचं सरकारी खातं, काही आपोआप लायसन्स देत नाही. सगळ्यात आधी डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर काढावा लागतो, त्याशिवाय परीक्षेचा फॉर्मच भरता येत नाही, आणि त्यासाठी बारावीच्या फिजिक्स-मॅथ्सच्या मार्कशीटचं बोर्डाकडून व्हेरिफिकेशन लागतं. इथं कोल्हापुरात बारावी झाली असेल तर आपल्या विभागीय मंडळात एका सुट्टीत काम होतं, साताऱ्याच्या सैनिक स्कूलचा असशील तर सीबीएसईकडं जायचं. मार्कशीटवरचं नाव आणि सर्व्हिस रेकॉर्डवरचं नाव एकच आहे का ते आधी बघ, आडनाव पुढं-मागं झालं की फाइल फिरत बसते.

मग परीक्षा. रेग्युलेशन, नेव्हिगेशन, मेट म्हणजे हवामान, टेक्निकल, पास व्हायला ७० टक्के. आपल्याला वाटतं आपण रोज हेच करतो, काय अवघड आहे. सिव्हिल एअर रेग्युलेशन ही वेगळी दुनिया आहे भावा, मी ते हलक्यात घेतलं आणि पहिल्या वेळी अडकलो. सकाळी ब्रीफिंगच्या आधी रोज एक तास, वर्षभर, एवढं केलं तर सगळे पेपर निघतात. परवानगी घेऊन सर्व्हिसमध्ये असतानाच दे. रेडिओची आरटीआर परीक्षा पूर्वी टेलिकॉम खात्याकडं होती, २०२५ पासून नवा भारतीय वायुयान कायदा लागू झाला आणि ती डीजीसीएकडं आली, त्यामुळं जुन्या सिनियरनं सांगितलेली पद्धत आता चालत नाही. इंग्लिश प्रोफिशियन्सी वेगळी.

मेडिकलचं पण तसंच. तुझी ए-वन-जी-वन कॅटेगरी एअरफोर्ससाठी, सिव्हिलला क्लास वन वेगळं करावं लागतं. एअरफोर्सच्याच मेडिकल संस्थांत, बंगलोरच्या आयएएममध्ये किंवा दिल्लीच्या एएफसीएमईमध्ये होतं. हे परीक्षेच्या आधी कर, कारण मेडिकलमध्ये काही निघालं तर बाकीचा सगळा खर्च आणि अभ्यास थांबवता येतो.

आणि लॉगबुक. यावर मी सगळ्यात जास्त बोलतो कारण माझे चार महिने यात गेले. तासांचा तपशील डीजीसीएच्या पद्धतीनं मांडावा लागतो, पीआयसी म्हणजे कमांडर म्हणून किती, को-पायलट किती, रात्रीचे किती, इन्स्ट्रुमेंटचे किती, आणि युनिटकडून साक्षांकित. माझी एका जुन्या पोस्टिंगची पानं साक्षांकित करायची राहिली होती, तोपर्यंत तिथला सगळा स्टाफ बदलला, रजिस्टर गोडाऊनमध्ये गेलं, आणि मी फोनवर फोन करत बसलो. म्हणून प्रत्येक पोस्टिंग सोडायच्या आधी, क्लिअरन्सच्या त्याच दिवशी, पानं पूर्ण कर आणि सही-शिक्का घे. निघायचा विचार नसला तरी घे. एटीपीएल, म्हणजे एअरलाइनच्या कॅप्टनला लागणारं लायसन्स, त्याला दीड हजार तास लागतात. ट्रान्सपोर्टवाल्यांचे ते आरामात भरतात, फायटरची सॉर्टी, म्हणजे एक उड्डाण, पाऊण-एक तासाची, त्यामुळं फायटरवाल्यांना एकेक तास मोलाचा. सिंगल इंजिनवरच आयुष्य गेलं असेल तर मल्टी इंजिनवर तास करून इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे फक्त यंत्रं बघून उडवायचा परवाना, घ्यावं लागतं, त्याचा खर्च आणि वेळ त्या शंभर पानी वहीत धर. टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीचं विमान उडवायचा परवाना, स्वतःच्या खिशातून करायची वेळ आली तर ते पण दहा लाखांच्या पुढंच जातं. कंपनीनं केलं तर बाँड, म्हणजे ठरावीक वर्षं नोकरी सोडणार नाही असा करार. बाँडची वर्षं आणि रक्कम वाचून सही कर.

हेलिकॉप्टरवाल्यांना थोडक्यात सांगतो, तुमचे तास विमानाच्या लायसन्सला जसेच्या तसे चालत नाहीत, एअरलाइनला जायचं तर विमानाचं सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलटचं लायसन्स, जवळजवळ नव्यानं. त्यापेक्षा ऑफशोअर, मुंबईच्या जुहूवरून तेलाच्या प्लॅटफॉर्मवर जाणारी हेलिकॉप्टरं, किंवा राज्य सरकारची आणि कंपन्यांची, तिकडं आधी बघा.

पैशाच्या सुरक्षिततेबद्दल एक सांगायलाच पाहिजे. एअरलाइन बंद पडतात. किंगफिशर २०१२ ला, जेट एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट मे २०२३ ला. चांगले, अनुभवी कॅप्टन रात्रीतून घरी बसले, महिन्यांचे पगार अडकले, ईएमआय चालूच. २०२० मध्ये कोरोनात कितीतरी पायलट बिनपगारी रजेवर गेले, आणि त्याच काळात आपल्या एअरफोर्सच्या पोरांचा पगार एक तारखेला येत होता. आज चित्र चांगलं आहे, २०२३ मध्ये एअर इंडियानं ४७० आणि इंडिगोनं ५०० विमानांची ऑर्डर दिली, पायलट लागणारच. पण चांगल्या काळात केलेला हिशेब वाईट काळात पण टिकला पाहिजे. बाहेर पडताना एक वर्षाचा घरखर्च बाजूला असू दे, आणि फंड-ग्रॅच्युइटीची रक्कम आली की लगेच मोठा फ्लॅट घेऊ नको, दोन वर्षं भाड्यानं राहा. एकदा एअरलाइनमध्ये शिरलास की पटकन निघता पण येत नाही, डीजीसीएच्या नियमानं को-पायलटला सहा महिने आणि कॅप्टनला वर्षभराचा नोटीस पिरियड आहे.

आता कोल्हापुरात राहण्याचं. जवळजवळ सगळ्यांच्या मनात असतं की एअरलाइन धरायची आणि घरी राहायचं, आईवडिलांजवळ, सकाळी रंकाळ्यावर फिरायला. उजळाईवाडीला, आपल्या विमानतळावर, १९३९ पासून धावपट्टी आहे, २०२४ ला नवं टर्मिनल झालं, विमानं येतात जातात, त्यामुळं वाटतं जमेल. पण तुझा बेस बहुतेक मुंबई, दिल्ली, बंगलोर, हैदराबाद असाच पडणार. नव्या को-पायलटला बेस निवडायला मिळत नाही. काही जण कोल्हापुरात कुटुंब ठेवून पुण्या-मुंबईला ये-जा करतात, मी पण वर्षभर केली. रात्री दीडला लँडिंग, हॉटेलात झोप, सकाळी बस, सातारा-कराड करत हायवेची कामं बघत दुपारी घरी, आणि परवा परत. सुट्टीचे दोन दिवस प्रवासातच जायचे आणि मी चिडचिडा व्हायला लागलो होतो. आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास केली ते चांगलंच झालं, पण ते ४८ तास बसमध्ये घालवायचे नसतात. बेसजवळ राहा, आईवडिलांना जमलं तर घेऊन जा, नाहीतर महिन्यातून एकदा शांतपणे चार दिवस ये. पहिली पाच-सात वर्षं कोल्हापूरचं घर हे सुट्टीचं घर, असं धरूनच हिशेब कर.

आणि काम कसं असतं? फायटरवाल्यांसाठी खास सांगतो. माझ्या सिम्युलेटरच्या बॅचला एक फायटर पायलट होता, हाताचा इतका स्वच्छ की बघत राहावं. इंजिन फेल्युअर दिलं, यानं पाय दाबला, नाक धरलं, विमान सरळ रेषेत, चेहऱ्यावर काही नाही. आणि तोंडातून एक शब्द नाही. स्वतःच हात लांब करून सगळे स्विच करायला लागला. इन्स्ट्रक्टरनं सिम थांबवलं आणि शांतपणे म्हणाला, सर, शेजारी माणूस बसलाय, त्याला सांगा. तो वीस सेकंद तसाच बसला. एकट्यानं जगणं आणि एकट्यानं मरणं शिकलेल्या माणसाला हे बदलायला सहा महिने लागतात. एअरलाइनमध्ये उत्तम दिवस म्हणजे ज्या दिवशी काहीच झालं नाही. मला ते आवडतं. मागं १८० माणसं झोपलेली असतात आणि त्यांना काही कळू न देता उतरवणं यात मला समाधान आहे. ज्याला ते समाधान वाटणार नाही त्यानं पैशासाठी जाऊ नये, तिसऱ्या वर्षी पश्चात्ताप होतो, असे दोघे मला माहीत आहेत.

सोडून काय जाणार ते पण खरं खरं बघ. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा चढली, शिरोलीला हायवे पाण्याखाली गेला, शिरोळ तालुक्यात गावंच्या गावं वेढली, तेव्हा लष्कर, नेव्ही, एअरफोर्स, एनडीआरएफ सगळे धावले. मी तेव्हा युनिफॉर्ममध्येच होतो, पण पोस्टिंग लांब, आणि टीव्हीवर आपलीच माणसं बोटीतून उतरताना बघून रात्रभर फेऱ्या घातल्या. पहाटे लेहला उतरताना दोन्ही बाजूला डोंगर, मागं जवानांची पत्रं आणि भाजीपाला, खाली वाट बघणारी माणसं. हे परत मिळत नाही. विमान मिळतं, आकाश मिळतं, पण ही माणसं मिळत नाहीत. सकाळी क्रू रूममध्ये शिरल्यावर तुला नक्की काय आवडतं, उडणं की ती खोली, हे एकदा स्वतःला विचार. उडणं असेल तर एअरलाइनमध्ये पण सुखी राहशील. ती खोली असेल तर राहा.

हे सगळं करून जायचं ठरलंच, तर आधी घरी वडिलांना सांग, सीओला, म्हणजे कमांडिंग ऑफिसरला, नंतर. आपल्याकडं हे सोपं नाही. सैनिक टाकळीसारख्या गावात घरटी फौजी, आजोबा फौजेत, काका फौजेत, तिथं "पोरानं फौज सोडली" हे वाक्य फार बोचतं. त्यांच्याशी पगारावर बोलू नको. किती वर्षं दिलीस, कुठं कुठं होतास, ते बसून सांग, आजवर कधी सांगितलं नसशील. माझे वडील दोन दिवस काही बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले, टोपी मात्र घरात ठेव. ती अजून समोरच्या खोलीत आहे.

मग सीओंशी तोंडी बोल, कागद पुढं करायच्या आधी. कारण खरं लिही, आईच्या आजाराचं खोटं सर्टिफिकेट जोडू नको. अर्ज वरपर्यंत जायला, उत्तर यायला महिनेच्या महिने लागतात, या काळात कोणत्याही कंपनीला जॉइनिंगची तारीख देऊ नको आणि पोरांच्या शाळेचा दाखला काढू नको. नामंजूर झाला तर लायसन्स आणि क्लास वन मेडिकल दरवर्षी चालू ठेव, वही जपून ठेव, परत अर्ज करता येतो. आणि उत्तर येईपर्यंतच्या प्रत्येक सॉर्टीला पूर्ण लक्ष देऊन जा, मन अर्धं बाहेर गेलेल्या माणसाच्या हातून चूक होते, तसं वाटलं तर त्या दिवशी फ्लाइट कमांडरला सांगून खाली राहा.